लष्करी कानांपुढची मसलत

मु. मुठा, ता. मुळशी

राजश्री विलासराव, म्हणजे आमच्या साळूबाईचे लाडके बंधू, यांना हैबतरावाचा रामराम. गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठणठणीत, तुमची बहीण जरा जास्तच. फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता. कागदावर तुम्हाला ती सोय नाही.

तर आमच्या गौतमीसाठी तुम्ही सुचवलेलं स्थळ पाहून आलो. (पाहून आलो म्हणायचं नाही, सहलीला गेलो होतो म्हणायचं. हल्लीच्या मुलांना कांदेपोह्यांची लाज वाटते.) मुलगा दिग्विजय, नोकरी हिंजवडीत, फ्लॅट भूगावात. जागाही त्यानंच ठरवली. देवळं, बागा, धरण सोडून त्याला काय दाखवायचं होतं, तर कोकण किनाऱ्यावर लष्करानं टाकून दिलेले काँक्रीटचे कान! रडार नव्हतं तेव्हा विमानांचा आवाज लांबूनच टिपायला बांधले होते म्हणे. दुमजली घराएवढ्या दोन पराती उभ्या करून ठेवाव्यात, तसे दिसतात. ताम्हिणी घाटाच्या एवढ्या वळणांतही साळूबाईनं पैठणीला सुरकुती पडू दिली नाही. भर वाळूत आम्ही लग्नाला निघाल्यासारखे, आणि नवरामुलगा अर्ध्या चड्डीत! त्यानं तासभर माहिती सांगितली. एक कान वाळू खचून कलंडलाय, दुसऱ्याकडे तोंड करून बसलाय, म्हणून एकापुढे बोललेलं दुसऱ्यापुढे ऐकू येतं, हेही सांगितलं म्हणे. ऐकत कोण होतं? मी मुलाच्या आईकडे बघत होतो. बाई लातूरकडच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी आल्याआल्या माझे बूट न्याहाळले, मग मिशी, मग पुन्हा बूट.

आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. बघून झालं की दोन्हीकडच्यांनी बाजूला जाऊन आपापसात बोलून घ्यायचं. तिथं सावली होती ती फक्त त्या दोन कानांची. मुलाचे आईवडील त्याला घेऊन एकापुढे बसले, आम्ही पोरीला घेऊन दुसऱ्यापुढे. मी साळूबाईला हळूच म्हणालो, "पोरगा बरा हाय, पर आई लई कडक हाय. हिच्या घरात पोरीला हजेरी देऊन च्या प्यावा लागंल." तर माझ्या खांद्यामागून बोलावं तसा बाईंचा आवाज आला, "चहा सहाला होतो. हजेरी घेत नाही." मी उडालोच. साळूबाई म्हणाली, "अवो, गप ऱ्हावा की!" तेही तिकडं पोहोचलं असणार, कारण लगेच मुलाचे वडील म्हणाले, "तूही गप्प बस. माणूस साधा आहे, नुसती मिशीच मोठी." त्याबरोबर इकडून गौतमी अन् तिकडून दिग्विजय एकदमच खो खो हसत सुटले. आमच्याकडे नव्या इमारतींना गृहप्रवेशाआधी तडे जातात, आणि लष्करानं वाऱ्यावर सोडलेलं हे बांधकाम नेमकं माझ्यासाठी शाबूत राहावं! जेवायला साळूबाईनं घरून मासवडी आणली होती. बाईंनी मासवडी दोनदा मागून घेतली, तेवढंच काय ते बोलणं.

तेव्हा हे स्थळ नको. तसं त्यांना स्पष्ट कळवा आणि पुढच्या वेळी सोयरीक सुचवताना मुलाचे छंद आधी विचारा.

आपला,
हैबतराव

ता. क. इतक्यात कळवू नका. गौतमी म्हणते, लग्नाआधीच दोन्ही घरांनी एकमेकांची निंदा तोंडावर करून घेतली, आता पाठीमागे बोलायला काही उरलंच नाही, असं घर कुठं मिळणार?

आणखी एक ता. क. बाईंनी साळूबाईला मासवडीची कृती विचारायला फोन केला होता. कृती पाच मिनिटांत संपली, फोन तासाभरानं. पोरगी आज स्वयंपाकघरात गाणं म्हणत होती. विलासराव, उद्याच भूगावला जा आणि आमचा होकार सांगा. मी स्वतः गेलो असतो, पण "मुलगी दिली" हे दोन शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत. तुम्ही मामा आहात, तुम्हाला जमेल.