पंचवीस कसले?

३ फेब्रुवारी १९७५, सोमवार. रहिमतपूर

डॉ.बाईंच्या जर्मन गाडीचं इंजिन शेवटी खाली उतरवलं. बेअरिंगं पार गेलेली. क्रँकवर, इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, नख फिरवलं तर चरे लागतात. बाई दवाखाना उरकून स्वतः आल्या, पदर खोचून वाकून बघितलं. मी पुन्हा तेच पालुपद लावलं: देशी इंजिन बसवू, कऱ्हाडात एक चांगलं आलंय, सामान कुठल्याही दुकानात मिळतं. त्यांचंही तेच. यजमानांनी, म्हणजे साहेबांनी, परदेशातून आणलेली गाडी, साहेब गेले तरी गाडी चालतेय, एकदाही अडलेल्या बाईला साताऱ्याला नेताना वाटेत थांबली नाही. म्हणाल्या, तुमचं देशी सारखं रडतं. मी म्हटलं, रडतं, पण आपल्या भाषेत रडतं, कुठं दुखतंय ते लगेच कळतं. हसल्या. ऐकलं मात्र नाही.

६ फेब्रु., गुरु.

मुंबईहून नवी बेअरिंगं आली. इंजिनात ठोका ऐकू आला तेव्हाच मागवली होती, तीन महिने लागले. दुकानदाराचं पत्र सोबत: हा शेवटचा जोड, आता बाहेरून माल येणं बंद. पाव मिलिमीटर कमी मापाचा आहे. म्हणजे क्रँक बरोबर तेवढाच घासून घ्यायचा.

क्रँक गोणपाटात बांधून सांगलीच्या यष्टीत टाकला. तिकडे रज्जाकभाई घासून देतील. वीस वर्षांची दोस्ती, माझं सगळं ग्राइंडिंग त्यांच्याकडे. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, गुडघ्यावर कागद ठेवून चिठ्ठी खरडली. कंडक्टर ओळखीचा, नीट पोचवील.

१० फेब्रु., सोम.

क्रँक परत आला. आरशासारखा. बेअरिंगं घालून वरचे नट आवळले, हातानं क्रँक हलवला. खडखड.

मायक्रोमीटर लावला. तीनदा लावला. पाव मिलिमीटरच्या ऐवजी अडीचपट घासलाय.

मग चिठ्ठी आठवली. 'क्रँक पंचवीस घासणे. बापू.' बस्स. पंचवीस कसले, ते लिहिलंच नाही. जर्मन इंजिन मिलिमीटरात, त्याचे पंचवीस म्हणजे मिलिमीटरचे पंचवीस शंभरावे भाग, पाव मिलिमीटर. आपल्या देशी गाड्या इंचात, त्यांचे पंचवीस म्हणजे पंचवीस थाऊ, इंचाचे हजारावे भाग. फौजेत अठरा वर्षं थाऊतच काढली. रज्जाकभाईंच्या लेथवरही सगळा देशी माल. त्यांनी थाऊ घेतले, दुसरं काय घेणार.

घासलेलं लोखंड परत येत नाही. एवढ्या बारीक झालेल्या क्रँकला बसतील अशी बेअरिंगं आता मिळणार नाहीत.

११ फेब्रु., मंगळ.

एक वाट आहे. क्रँकवर धातू चढवून माप परत आणायचं. पुण्यात एक जण करतो. पण टिकेल का, आणि कुठल्या वळणावर सुटेल, कोण सांगणार.

बाई संध्याकाळी आल्या. जुळवलेलं इंजिन दिसलं नाही. म्हणाल्या, 'म्हातारं गेलं वाटतं, बापूराव?'

मी चिंधीनं पाना पुसत राहिलो. मानही हलवली की नाही, आता आठवत नाही. त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, बघू, तुमचं देशीच घ्यावं लागेल बहुतेक.

वर्षभर हेच ऐकायचं होतं मला. आज ऐकलं आणि नकोसं झालं. खरं सांगितलं तर त्यांना काय वाटेल? देशी, देशी करत मागे लागलेल्या माणसाच्या हातून नेमका जर्मन क्रँक वाया गेला. चूक म्हणून कोण मानेल? मी स्वतः मानलं नसतं.

१३ फेब्रु., गुरु.

काल वाठारकडची एक बाई अडली. जीप मिळेना. डॉ.बाईंनी तिला उसाच्या ट्रॉलीत, चिपाडावर वाकळ टाकून, साताऱ्याला नेलं. दोन्ही जीव वाचले. गावात सगळे बाईंचं कौतुक करतायत. मी चहा अर्धा टाकून उठलो.

सुमन विचारते, आवं, जेवत का न्हाई. पित्त म्हणून सांगितलं. बायकोशी खोटं बोलायची सवय नाही, लगेच ओळखलं असणार.

दुपारी बाईंचा कंपाउंडर आला. बाईंनी विचारलंय, सांगलीवाल्यानं तर काम बिघडवलं नाही ना? मी म्हटलं, बघतो. 'नाही' एवढं साधं म्हणता आलं असतं. लाज वाटते लिहायला.

१५ फेब्रु., शनि.

रज्जाकभाई आले. न कळवता, पहिल्या यष्टीनं. कोरेगावच्या कुणीतरी त्यांना विचारलं म्हणे, डॉक्टरीणबाईंचा क्रँक तुमीच घालवला व्हय? एवढ्यात तिथवर पोचलं.

खिशातून चिठ्ठी काढून बाकावर ठेवली. माझंच अक्षर.

'पंचवीस बघून मला बी नवल वाटलं, बापू. धा, वीस, तीस घासतो आपण. पंचवीस कवा ऐकलं न्हवतं. पण म्हटलं फौजी माणूस, इंपोर्टेड माल, तुला ठावं असंल.'

मी म्हटलं, चूक माझी. म्हणाले, ते दिसतंयच. रागावलेले होते, तरी चहा घेतला. जाताना यष्टीत एक पाय ठेवून म्हणाले, 'माझ्यावर ढकल. मी हितं ऱ्हात न्हाई. तुला रोज त्यांच्या दारावरनं जायचंय.' चिठ्ठी माझ्या हातात दिली.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ फेब्रु., रवि.

सकाळी अंघोळ करून दवाखान्यात गेलो. रविवारीही गर्दी. नंबर लावून बसलो, मधे घुसायची हिंमत नव्हती. आत गेल्यावर चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. इंच, मिलिमीटर, पंचवीस. रज्जाकभाईंचा काडीचा दोष नाही, हे दोनदा सांगितलं.

बाईंनी चिठ्ठी वाचली. 'किती दिवस माहीत आहे तुम्हाला?'

सोमवारपासून, म्हटलं.

'मंगळवारी मी आले होते.'

होय, म्हटलं. पुढच्या पेशंटला हाक मारली त्यांनी. नेहमी दारापर्यंत येतात, आज आल्या नाहीत.

सुमनला घरी येऊन सांगितलं. म्हणाली, आता तरी दोन घास खावा.

१८ फेब्रु., मंगळ.

निरोप नाही. गाडी इंजिनावाचून कोपऱ्यात उभी. वर ताडपत्री टाकली, मग काढली, झाकली तर लपवल्यासारखी वाटते. रज्जाकभाईंना कार्ड टाकलं: बाईंना खरं सांगितलंय, कोरेगावलाही मीच जाऊन सांगेन.

२० फेब्रु., गुरु.

बाई आत्ता आल्या. चालत. या-बसा म्हणायलाही जमलं नाही मला, नुसता उठून उभा राहिलो.

म्हणाल्या, 'मला इंजिनातलं कळत नाही, बापूराव. पुण्याला धातू चढवायला पाठवायचं की देशी बसवायचं, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू. पण त्या गाडीत बायका असणार आहेत, तेवढं धरून सांगा.'

पुण्याला पाठवा म्हटलं तर माझ्यावरचा संशय फिटेल. लोक म्हणतील, बघा, बापूचा तसा हेतू नव्हता. पण चढवलेला धातू घाटात सुटला तर? देशी बसवा म्हटलं तर खरं तेच. आणि तेच मी चूक होण्याआधी वर्षभर म्हणत होतो.

उद्या सांगतो, म्हटलं.

'उद्या नको. मी थांबते,' म्हणाल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या.

आत येऊन हे लिहितोय. दाराच्या फटीतून त्यांच्या चपला दिसतायत. सुमननं पाणी नेऊन दिलं. दोघी काहीतरी बोलतायत. आता वही मिटून बाहेर जातो आणि देशीच बसवा म्हणून सांगतो, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.