अण्णांच्या कोटावरचा डाग

पार्ले, १२ फेब्रुवारी १९५६

प्रिय ताई,

पाच महिन्यांत एक ओळ लिहिली नाही, म्हणून तू रागावली असशील. मला तुझा राग आला होता, आता तोही येत नाही. जेवते, शाळेत जाते, गणितं सोडवते. कुंदामावशी विचारते, काय गं उत्तरा, बोलत का नाहीस? काय बोलू?

डाग काढायचं वेड मात्र तसंच आहे. डोमेस्टिक सायन्सच्या मिस म्हणतात, प्रत्येक स्टेनला त्याचा इलाज असतो. मावशीच्या पदराची लिपस्टिक मी काढली, शेजारच्या सुगंधाच्या झंपरचं काजळ काढलं. सगळी चाळ म्हणते, हिला लॉन्ड्री काढून द्या.

गेल्या शनिवारी अण्णांचा पांढरा कोट घेतला. दाराआडच्या खुंटीवर असतो तोच. गणपतीतल्या नाटकानंतर ते पडद्यामागे आले आणि तू रंगलेल्या तोंडानेच त्यांच्या गळ्यात पडलीस ना, आई गेल्यापासून पहिल्यांदाच, तेव्हाचा ग्रीजपेंट खांद्यावर तसाच होता. गुलाबी, वर काजळाची रेघ. त्यानंतर दहाच दिवसांत तू नंदकिशोरशी रजिस्टर लग्न करून मुलुंडला गेलीस. मला वाटलं, त्या गडबडीत कोट धोब्याला द्यायचा राहून गेला.

आधी खोबरेल चोळलं. रंग त्यानेच सुटतो, हे तुझ्याच तोंडावर बघितलं होतं. मग खडूची पूड भुरभुरली, ब्लॉटिंग पेपर ठेवून इस्त्री फिरवली, शेवटी रिठ्याचं पाणी. तीनदा. एकदम झकास निघाला. डाग कुठे होता ते मलाही सापडेना.

रविवारी भाऊकाकांच्या घरी लग्न होतं. मी अण्णांना कोट दिला आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. त्यांनी खांदा उजेडात धरला, उलटा करून बघितला, मग नाकाशी नेला. म्हणाले, तुला कुणी सांगितलं होतं? मग म्हणाले, बरं झालं, स्वच्छ झाला. कोट परत खुंटीला अडकवला आणि नुसत्या शर्टावर लग्नाला गेले.

ताई, रोज ऑफिसला निघताना ते त्या दाराआड मिनिटभर थांबायचे. मला वाटायचं, खिशात पास शोधतात. त्या रविवारपासून थांबत नाहीत. सरळ चपला घालतात आणि जातात. तुझं नाव ते अजूनही काढत नाहीत, पण आता मला कळलंय.

मला रडू आलं नाही. नुसतं बघत बसले. काढलेला डाग परत कसा आणायचा, ते मिसच्या पुस्तकात नाही. म्हणून तुला लिहितेय. मुलुंड काही विलायत नाही, दादरला एकदा गाडी बदलायची. रविवारी अण्णा घरीच असतात. ते बोलावणार नाहीत, तू ये. नेहमीसारखी पावडर-काजळ लावून ये. या वेळी मी कोटाला हात लावणार नाही.

तुझीच,
उत्तरा