आजोबांची पहिली बायको

आई, सरकारी दफ्तरातल्या पेनाला बांधलेली सुतळी नेमकी किती आखूड असावी, याचा कुठेतरी लेखी नियम असला पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे. विवाह नोंदणीच्या टेबलावर ते पेन होतं. अर्ज टेबलाच्या माझ्या कडेला ठेवला तर पेन पोचायचं नाही, आणि पेनापाशी ठेवला तर मला कारकुनाच्या पुढ्यात अर्धं वाकावं लागायचं. पर्समध्ये माझी स्वतःची पेनं होती. लिहून पोट भरणारी बाई मी. पण तो म्हणाला, "मॅडम, याच पेनानं लिहायचं." का, ते त्यालाही माहीत नव्हतं. वाकले. आयुष्यात तुझ्याशिवाय कुणापुढे वाकले नव्हते, आणि तुझ्यापुढेही कुरकुरतच. एरवी या सुतळीवर मी रविवारचं अख्खं सदर लिहिलं असतं आणि नांदेडातली अर्धी दफ्तरं आठवडाभर माझ्या नावाने बोटं मोडत बसली असती. पण नाही लिहिलं. पोटात भीती असली की माझ्याच्याने विनोद होत नाही.

मी तुझ्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद मागायला गेले होते. साल विचारल्यावर मी म्हटलं, निजामाच्या वेळचं असेल. कारकुनाने चष्मा वर केला. "दाखल्यासाठी का?" हल्ली जुना कागद मागणारा प्रत्येक माणूस जातीच्या दाखल्यासाठीच येतो, त्याचा काय दोष. म्हटलं, "दाखला नको. आजीची माहिती पाहिजे." "आजी हयात हायेत?" "नाही." "मंग त्यांला कशाला लागून राहिली नोंद?" मागच्या रांगेतले लोक हसले. मीही हसले असते. मग त्याला माझी दया आली असावी, आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तवाची लग्नं कोन नोंदवतंय? लग्नं व्हायची, पोरं व्हायची. कागद न्हाई व्हायचा."

हे सगळं कशासाठी, ते तुला सांगायला हवं. माझ्या मुलाचं आणि दादाच्या मुलीचं ठरलं आहे. म्हणजे आम्ही नाही ठरवलं, त्यांचं त्यांनीच. आम्हाला नुसतं पेढे वाटायला सांगितलं. तो पुण्यात, ती लातूरला, आणि मधल्या मध्ये फोन कंपन्यांचं भलं. घरात सगळे खूश. दादा म्हणतो, पोरगी परक्याच्या घरी जात नाही. वहिनी म्हणते, विहीण कशी आहे ते आधीच माहीत आहे, आता नव्याने काय बिघडणार. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मीही खूश होते. मग चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. घरी काय विशेष, असं त्यांनी सहज विचारलं, मी लग्नाचं सांगितलं. घरात कुणाला डोळ्यांचा त्रास होता का, असं विचारलं, तर मी तुझं सांगितलं. त्यांनी हातातली बॅटरी खाली ठेवली.

तुझं मी काय सांगितलं असेल? पलीकडच्या गल्लीतलं आपलं भाड्याचं घर, आत लांबोडकं स्वयंपाकघर. दिवस मावळायच्या आत तुझा स्वयंपाक झालेला असायचा. तिखटाचा डबा डावीकडे, मिठाची बरणी त्याच्या पाठीशी, आणि कुणी अदलाबदल केली की घरभर आरडाओरडा. आम्हाला वाटायचं, टापटिपीची हौस. भाकरी भाजली का ते तू कडेला बोट लावून बघायचीस. रात्रीच्या कार्यांना तू जात नसायचीस, आणि बायका तुला घमेंडखोर म्हणायच्या. कधी गेलीच, तर निघताना म्हणायचीस, "तू हो पुढं, मी आलेच." मी पुढे चालते आहे, फ्रॉकवर तुझी बोटं टेकलेली आहेत, रस्त्यावर दिव्याचे खांब आहेत पण दिवा एखाद्यालाच, आणि मला वाटतं आहे की आईचं माझ्यावर फार प्रेम आहे, ती मला सोडतच नाही. शेवटच्या वर्षांत तर तुला दिवसाही समोरच्या माणसाचं फक्त तोंडच दिसायचं, नळीतून बघावं तसं. आम्ही म्हणायचो, वय झालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा वय किती होतं त्यांचं? मी सांगितलं. आज माझं आहे त्यापेक्षा कमी.

त्यांनी एक कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाला आडवी रेघ. आणि नात्यातल्या नात्यात लग्न असेल तर दुहेरी रेघ. म्हणाल्या, रातांधळेपणाचा एक प्रकार रक्तातून येतो. एकाच बाजूने आला तर माणसाला कळतही नाही, आयुष्य निघून जातं. दोन्ही बाजूंनी आला की डोळे जातात. "तुमच्या आईला तोच असेल, तर तुमच्यात आणि तुमच्या भावात तो आहेच. मुलांमध्ये असेल किंवा नसेल. दोघांमध्येही निघाला, तर त्यांच्या चार मुलांत एकाला, असा हिशोब धरायचा." तुझे आईवडील एकमेकांचे कुणी लागत होते का, तेवढं शोधून आणा, म्हणाल्या. लागत असतील तर संशय पक्का. मी कागद घेऊन घरी आले आणि माझी झोप गेली. मुलाने व्हिडिओ कॉल केला की मी त्याचं बोलणं ऐकत नाही, त्याच्या खोलीतला दिवा केवढा आहे ते बघते. मागे सगळे जेवायला गेलो तेव्हा भाचीने पाण्याचा पेला चाचपला होता का? की उगीच हात लांबवला होता? भीतीने मला नसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या.

नोंदणीच्या दफ्तरात काही मिळालं नाही, तेव्हा दादाकडे तुझी ट्रंक उघडली. तुझ्या लुगड्यांच्या तळाशी आजोबांच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, लग्नाची याद सापडली. देण्याघेण्याचा तो कागद, दोन्हीकडच्या माणसांनी बसून लिहिलेला: इतकी भांडी, इतकी लुगडी, नवरदेवाला घोडं. नवरदेव म्हणजे आजोबाच. पण नवरीचं नाव आजीचं नव्हतं. आजीचं नाव नदीचं; कागदावर होतं फुलाचं. आणि नवरीच्या बापाच्या जागी आजोबांच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव. म्हणजे आजोबांनी सख्ख्या भाचीशी लग्न केलं होतं! देगलूरकडच्या त्या शिवेवरच्या गावांमध्ये तसं चालतं, हे मला ठाऊक होतं. मी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग हळूहळू डोकं चालायला लागलं. फुलाच्या नावाची बाई आमच्या घरात कुणी पाहिली, ऐकली नाही. म्हणजे ती आजोबांची पहिली बायको. लहान वयात गेली असणार बिचारी. नंतर आजी आली, परकी, नदीच्या नावाची. दुहेरी रेघ पहिलीची. आपण सगळे दुसरीच्या पोटचे. आई, एका मेलेल्या पोरीबद्दल इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी आजोबांच्या चौकोनाच्या दोन बाजूंना दोन गोल काढले, आणि त्या रात्री झोपले.

खात्री करायला उदगीरला मावशीकडे गेले. मावशी आता काठी धरून चालते, पण तोंड अजून बिनकाठीचं आहे. कागद तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "मावशी, आजोबांची पहिली बायको कशानं गेली गं?"

"पैली? कोन पैली?"

मी फुलाचं नाव घेतलं. मावशी माझ्याकडे बघत राहिली आणि मग पोट धरून हसायला लागली. "आगं येडे, तीच की ती! माझी माय ती! येवढं शिकून काय करून राहिलीस तू? लग्नात नाव बदलत न्हाईत का? ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिवलं अन् झालं नवं नाव." आणि पुढे सगळं आपणहून: "बदलावंच लागलं बाई. पाळन्यातल्या पोरीला ज्या नावानं हाका मारल्या, त्याच नावानं बायकोला हाक मारावी का मानसानं? अन् मायला तर सवयच जाईना. वरीसभर ती बाबाला 'मामा'च म्हनायची. मंग सासूनं दिली एक ठिवून. सासू तरी कोन? तिची सख्खी आज्जी."

माझ्या लग्नात मी नाव बदलू दिलं नव्हतं, आठवतं तुला? त्यावर पुढे मी सदरात किती बायकांची टर उडवली. आणि नवरीचं नाव बदलतं, एवढी साधी गोष्ट माझ्याच ध्यानात आली नाही. येऊ द्यायची नव्हती, हे जास्त खरं. भ्यालेल्या माणसाला एका बाईपेक्षा दोन बायका सोयीच्या वाटतात. मावशी हसत होती, तिची सून चहा घेऊन आली होती, आणि मी पेनने एक गोल खोडत होते. उरलेल्या रेघेला शेजारी दुसरी रेघ मारली. मावशीने विचारलं, "पांढरीफट कामून पडलीस गं?"

परतीच्या वाटेवर लातूरला उतरले. भाची तिथे क्लासमध्ये डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना जीवशास्त्र शिकवते. वर्ग सुटेपर्यंत मी दाराबाहेर उभी होते, मग मास्तरांच्या खोलीत तिच्यापुढे कागद ठेवला. तिने एकदाच बघितला. "आत्या, हे मी रोज फळ्यावर काढते," म्हणाली. "वाटाण्याच्या झाडांचं." मग खडूची बोटं ओढणीला पुसत बसली. मी काहीतरी चुरचुरीत बोलायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "आज नको ना." मुलाला तिनेच फोन लावला. तो तिकडून ओरडत होता ते मला ऐकू येत होतं, "मग नको होऊ देत पोरं! लग्न तर करू!" ती शांतपणे म्हणाली, "आधी रक्त देऊ. नंतर भांडू." दोघांनी रक्त दिलं. मीही दिलं, दादानेही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या मामांचे डोळे कसे आहेत तेही विचारून घ्या.

मामा. तुझा धाकटा भाऊ, ज्याने तू जाईपर्यंत तुझं तोंड पाहिलं नाही. तो मला त्याच्या मुलासाठी मागायला आला होता तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. तू पाटावर, परातीत पीठ, मामा दाराशी नारळ घेऊन. तू मान वर न करता म्हणालीस, "माझी पोरगी तुझ्या घरात द्यायची न्हाई. हात धू, जेवायला बस." कारण नाही, सबब नाही. मामा नारळ तिथेच ठेवून निघून गेला. मला तो मुलगा मुळीच नको होता, म्हणून मी गालात हसले, आणि तू पिठाच्या हाताने माझ्या तोंडासमोर बोट धरलंस. "दात काढू नकोस. माझा भाऊ उपाशी गेलाय."

इतक्या वर्षांनी त्याला फोन केला. मी कोण ते सांगितल्यावर पहिला प्रश्न, "कोन वारलं?"

"कुणी नाही, मामा."

"मंग फोन कामून?"

मी डोळ्यांचं विचारलं. तो म्हणाला, दिवेलागणीनंतर त्याला कधीच धड दिसलं नाही. आता दिवसाही तसंच. मग आपणहून, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती: "येवढं सांग पोरी. तुझ्या मायनं माझ्या पोराला का नाकारलं? नोकरी न्हवती म्हनून? का काळा हाय म्हनून?"

"डोळ्यांसाठी, मामा. दोघांच्या घरात एकच दुखणं, पोरांना नको, म्हणून. आईने मला सांगितलं होतं. भावाला एकदा सांग, म्हणाली होती. माझ्याकडून राहून गेलं."

पलीकडे त्याने कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं. मग म्हणाला, "असं व्हय. मंग म्या जेवून जायला पायजे होतं." आणि फोन ठेवला.

रिपोर्ट अजून आलेले नाहीत. लग्नाचं कार्यालय धरून ठेवलेलं आहे, ते ठेवायचं की सोडायचं, हे दादा दर दोन दिवसांनी विचारतो, आणि मी म्हणते, रिपोर्ट येऊ देत. भाची रोज फळ्यावर तेच वाटाणे काढत असेल. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगून टाकते. तू मला असलं काही कधी सांगितलं नव्हतंस. मामाचा मुलगा तुला नुसताच आवडला नसेल, भावजय आवडत नसेल, मला माहीत नाही. मामाला जे सांगितलं ते मी माझ्या मनाने सांगितलं.