धुतलेला डबा

४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तक्रार नाही. पत्रात मला मध्येच कोणी गप्प करत नाही, हा फायदाच आहे.

आपल्या गल्लीच्या मामांना जाऊन बारा मार्चला वर्ष होईल. गल्लीने ठरवलंय की तू काम करायचीस त्या औषधांच्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर त्यांचं चित्र करायचं, फुटक्या कपबशांचे तुकडे बसवून. इतकी वर्षं त्यांनी त्या दारावर पहारा केला, आता तिथून त्यांना हलवायचं नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. घरटी एक कप किंवा बशी गोळा केली. काहींकडे फुटकं नव्हतं, त्यांनी चांगलं फोडून दिलं. न्हाव्याने तर सासूबाईंची अख्खी किटली आणून दिली, आणि देताना फार खुशीत होता. भट्टीवर फरशा भाजणारा गल्लीत मी एकटाच, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं.

चेहरा मी तीनदा केला आणि तीनदा उखडला. माझ्याकडे ओळखपत्रावरचा एकच फोटो आहे आणि त्यात मामा इतके ताठ आहेत, की ओळखूच येत नाहीत. परवा मामी पाहायला आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, छान झालंय, कोण आहेत हे? त्या चेष्टा करत नव्हत्या गं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहा वर्षं तू काउंटरच्या आत आणि ते दारात, असे समोरासमोर बसलात. त्यांना तुझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. एक दिवस ये आणि मला सांग. हात कसा आहे? बरणीचं झाकण उघडता येतं का?

लोभ आहेच, पण इकडे फिरकून तो थोडा वाढवलास तर बरं होईल.

तुझा
गबाळ्या


९ फेब्रुवारी

चि. गबाळ्यास अनेक आशीर्वाद.

झाकण उघडतं, जरा वेळ लागतो इतकंच. इथलं इस्पितळातलं औषधांचं कोठार मला मानवलंय. काउंटर नाही, दाराला आतून कडी आहे, आणि नर्स येतात त्याही आधी टकटक करतात.

मी येणार नाही. चित्रात मलाही घालायचं कोणाच्या डोक्यात असेल, तर ते आधी काढून टाक. तुला वाटत असेल, ताई त्या सुरीला घाबरते. सुरीवाला तुरुंगात आहे, माझ्याच साक्षीवर गेला, त्याची भीती आता उरली नाही. मला मामींची भीती वाटते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळणार नाहीत, असं मी म्हटलं म्हणून त्याने सुरी काढली. ती माझ्यावर आली होती. मामा मध्ये आले. माझ्या दंडाला अकरा टाके पडले आणि ते गेले. कोर्टात मामी जिन्यापाशी माझी वाट बघत उभ्या होत्या, त्यांना काहीतरी विचारायचं होतं. मी मागच्या दाराने निघून गेले. काय विचारणार त्या? माझा माणूस गेला आणि तू कशी राहिलीस, हेच ना? याला मी काय उत्तर देऊ?

पण मामांना असं ताठ बसवलेलं मला सहन होणार नाही, म्हणून लिहिते. ते खोकं उपडं घालून त्यावर बसायचे, उजवा बूट काढून, कारण अंगठा दुखायचा. डाव्या कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून मान जराशी डावीकडे वळलेली, चांगला कान बोलणाऱ्याकडे. चष्मा कपाळावर, आणि दिवसातून दोनदा तोच शोधायचे. मी सांगायची नाही, गंमत बघत बसायची. हसताना आधी भुवया वर जायच्या, तोंड मागाहून. एवढ्यावर भागव. आणि हे मी कळवलं म्हणून मामींना सांगू नकोस.

भट्टीपाशी असताना पाणी पीत जा. ताईवर राग धरू नकोस, माया तेवढी धर.

ताई


२३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

चष्मा कपाळावर चढवला आणि मामा भिंतीवर येऊन बसले! खोकं डॉक्टरीणबाईंच्या निळ्या मगाचं आहे आणि काढून ठेवलेला बूट न्हाव्याच्या सासूबाईंच्या किटलीचा. सासूबाई रोज येऊन त्या बुटाकडे बघतात आणि जावयाकडे बघतात.

काल मामी आल्या. चष्म्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने हसल्या. मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. आम्ही सगळे खुळ्यासारखे उभे. मग त्यांनी विचारलं, हे तुला सांगितलं कोणी? माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी तू मला गुपितं सांगतेस. तेव्हा निम्मी चूक तुझी.

तुझं नाव ऐकल्यावर त्या म्हणाल्या, तिला एकच गोष्ट विचारायची आहे, कधीपासून विचारायची आहे. मी म्हटलं, लिहून द्या. चिठ्ठी सोबत आहे. मी वाचलेली नाही. खरंच नाही. घाबरू नकोस ताई, भांडायला आलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

या वेळी लोभ शाबूत राहिला तरी पुष्कळ.

गबाळ्या


सोबतची चिठ्ठी

औषधवाल्या ताईंना मामीचा नमस्कार.

मला लांबलचक लिहिता येत नाही. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं. कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, यावरून. मी डबा त्यांच्यापुढे आदळला आणि पाठ फिरवून उभी राहिले. ते निघाले तरी वळले नाही.

चार महिन्यांनी पोलिसांनी सामान परत दिलं. बूट, चष्मा आणि डबा. डबा स्वच्छ धुतलेला. ते कधीच धुवून आणत नसत. म्हणून मला वाटतं, रागापोटी त्यांनी तो उघडलाच नाही, आणि आतलं खराब झालं म्हणून चौकीत कोणीतरी टाकून दिलं आणि धुतलं.

जेवले होते का ते? खरं असेल ते सांगा. माझ्या समाधानासाठी काही सांगू नका. कोर्टात विचारणार होते, पण आपली चुकामूक झाली.

तुमचा हात बरा असावा. जमलं तर उत्तर द्यावं.

मामी


२७ फेब्रुवारी

ती. मामींस साष्टांग नमस्कार.

जेवले. सव्वा वाजता, खोक्यावर बसून, नेहमीसारखे. झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, हिला राग आला की हाताला जास्त चव येते, आठवड्यातून एकदा भांडायलाच हवं.

खरं विचारलंत, म्हणून पुढचंही लिहिते. मी त्या दिवशी माझा डबा घरी विसरले होते. मामांनी त्यांच्यातला अर्धा मला दिला. मी नको म्हटलं, ते ऐकेनात. त्यांच्या शेवटच्या जेवणातलं अर्धं माझ्या पोटात गेलं, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. जेवण झाल्यावर मी म्हटलं, निदान डबा तरी मी धुते. तर म्हणाले, धू की, धुणाऱ्याला उद्या पुन्हा वाटा! मी नळावर घासला आणि काउंटरवर उपडा घातला. पोलिसांनी नाही मामी, तो मी धुतला. तो माणूस तीन वाजता आला.

कपाटाचंही सांगते. म्हणाले, बरोबर तिचंच आहे, खिडकीकडच्या भिंतीला ओल येते. पण लगेच कबूल केलं तर तिला सवय लागेल, रविवारी करीन. तो बुधवार होता.

आपली चुकामूक झाली नव्हती. मी पळाले. मी वर्षभर भलत्याच प्रश्नाला भीत होते आणि तुम्ही बिचाऱ्या एवढंच विचारायला थांबला होतात. मला माफ करा. आज हे लिहून झालं आणि कितीतरी महिन्यांनी माझा श्वास पोटापर्यंत गेला.

बारा तारखेला येते. दारात उभी करून घ्याल, एवढा लोभ असू द्या.

ताई


१६ मार्च

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं कळव. तुम्ही भावंडांनी कपाट हलवून दिलंत, ते आता कोरड्या भिंतीला छान बसलंय. ते रविवारी कबूल करणार होते, हे मी गल्लीभर सांगून आले. न्हाव्याला दोनदा सांगितलं.

एक गोष्ट तुला न विचारता केली. तू गेल्यावर गबाळ्याला सांगून चित्रात काउंटरमागे तुझा पांढरा कोट बसवून घेतला. रागावू नकोस. ते मान वळवून कोणाचं तरी ऐकताहेत, तर समोर कोणी नको का? फार एकटे दिसत होते. कोटाला माझी स्वतःची बशी लागलीय. चांगली होती, मीच फोडली.

रात्री झोप चांगली लागते हल्ली, सकाळी उठायला उशीर होतो.

जाताना दिलेला डबा तुझ्याकडे राहिलाय. नीट बघ, तोच तो. टपालाने पाठवू नकोस. धुवून तू स्वतः घेऊन ये. धुणाऱ्याला पुन्हा वाटा.

तुझी
मामी