तांदळातलं नाव

आबा, परवा नागपूरच्या कोर्टातून माझ्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल घेऊन आले. बारा वर्षांनी. निकालाच्या दिवशी तुम्ही कोर्टाच्या पायरीवर बजावलं होतं, "कागद हातात घेतल्याबिगर हलायचं न्हाई." तुमची हयात फौजेत गेलेली, शिक्क्याशिवाय तुम्हाला काही पटायचं नाही. मला मात्र एकदाची सुटले एवढंच कळत होतं. गाडीची वेळ झाली म्हणून मीच तुम्हाला ओढत नेलं, आणि तुम्ही थेट मनमाडपर्यंत त्या कागदाचंच ऐकवत राहिलात.

अजून डोळ्यांसमोर आहे, सांगलीला उतरून आपण एसटीनं आष्ट्याला येतो. स्टँडवर आपल्या शेताशेजारचे काका विचारतात, "कुठनं आलासा, आबा?" तुम्ही माझी बॅग खाली ठेवता आणि चारचौघांत ताठ मानेनं सांगता, "लेकीला आणाया गेलतो." पुढं कुणी काही विचारलं नाही. त्या एका वाक्याच्या जोरावर मी नर्सिंग केलं, साताऱ्यात नोकरी धरली. ती नोकरी बघायला तुम्ही राहिला नाहीत, याची रुखरुख अजून जात नाही.

आता मस्कतच्या दवाखान्यात जागा मिळाली आहे. त्यांना घटस्फोटाचा कागद हवा, नाहीतर जागा दुसरीला जाणार. नक्कल विभागातल्या बाईंनी दोन दिवस रजिस्टरं चाळली आणि माझ्या नावाचं प्रकरणच नाही म्हणाल्या. लग्न मोडलं ते खरंच कुठं लिहिलेलं नाही की काय, असं वाटायला लागलं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "ताई, लग्नात नाव बदललं होतं का जी?" आणि मला ते ताट आठवलं. नवऱ्यानं अंगठीनं तांदळात माझं नवं नाव लिहिलं होतं, पुढं घटस्फोटाचा दावाही त्याच नावानं चालला होता, आणि मी खुळी दोन दिवस माहेरच्या नावानं शोधत बसले होते. ते नाव मी साफ विसरले होते, आबा. मला तिथं टेबलापाशीच हसू आलं, आणि खरं सांगते, स्वतःचा लय अभिमान वाटला. मग दहा मिनिटांत नोंद सापडली.

यावेळी शिक्का नीट बघून घेतला. एक प्रत मस्कतला जाईल. दुसरी तुमच्या काळ्या ट्रंकेत, तुमच्या लष्कराच्या कागदांखाली ठेवली आहे. हे पत्रही तिथंच ठेवते.

एक सांगायचं राहिलं. ते ताट बघून तुम्ही मांडवातच भडकला होता. "मी ठेवलेलं नाव पुसणारे हे कोण?" म्हणालात आणि पंगतीला बसला नाहीत. मी खाली मान घालून उभी राहिले, आणि नंतरही सगळा दोष सासरच्यांवर ढकलला. ते नाव मीच सुचवलं होतं, आबा. तेव्हा मला ते फार आवडायचं.