रोजच्या ऐकण्यासाठी योग्य डब्बा

७ जुलै, रविवार

...तेव्हा मी घरामागच्या सांदवाडीत भांडी घासत होते. चुलीची राख, नारळाची शेंडी आणि रात्रीच्या भाताचा करपलेला पितळी गंज. हे समोर छपरीत खाटेवर, रेडिओचा लाल डब्बा मांडीवर घेऊन. गाणं लागलं की विचारायचे, ऐकून राहिली का? मी म्हणायचे, बंद करा, डोकं उठलं. ते आवाज कमी करायचे. मी सडा टाकायला समोर आले की पुन्हा वाढवायचे. त्या सकाळी विशेष काही झालं नाही. शेण कमी पडलं म्हणून अर्धंच अंगण सारवलं.

हे गेल्याला दीड वर्ष झालं. वरची आठवण भावनेपोटी लिहिलेली नाही. नोंद एवढीच की आवाज छपरीतून सांदवाडीपर्यंत पोहोचला पाहिजे. लाल डब्ब्याचा आता पोहोचत नाही. नुसता घरघरतो.

संकल्प: सर्व प्रकारचे डब्बे नीट तपासून, तुलना करून एक निवडायचा. घाई करायची नाही.

९ जुलै, मंगळवार

नागपूरहून हर्षाचा फोन. माझी एकुलती लेक, पण बोलते सासूसारखी. म्हणाली, धानाची रोवणी आटोपली की येते आणि तुला घेऊन जाते, एकटीनं त्या घरात राहू नकोस. मी सांगितलं, मी एकटी वगैरे काही नाही. घरात फक्त एका चांगल्या म्युझिक प्लेअरची कमी आहे. तो आला की घर भरलेलं.  ती म्हणाली, बरं, बघते आल्यावर.

म्हणजे मुदत मिळाली.

११ जुलै, गुरुवार

पहिली टेस्ट. हर्षाचाच जुना मोबाईल. आवाज स्वच्छ. पण भजन ऐन रंगात आलं की एक बाई मध्येच येऊन साबण विकते. बोट लावून हाकलावी तर भजनही जातं.

दुसरी अडचण मोबाईलची नाही, धुरपताबाईची आहे. शेजारीण. वयानं माझ्यापेक्षा मोठी, आवाजानं गावापेक्षा. गाणं सुरू झालं की येऊन बसते आणि बोलू लागते. आज सुनेचं बोलली, मग भिंतीतल्या ओलीचं, मग पुन्हा सुनेचं. साबणवाली आली तेव्हा तिच्याशीही बोलली. अशात तुलना कशी करायची?

निष्कर्ष: मोबाईल नापास. धुरपताबाईला टेस्टच्या वेळी येऊ द्यायचं नाही.

१२ जुलै, शुक्रवार

ती आली. चहा मांडलेलाच होता म्हणून दिला.

१४ जुलै, रविवार

सडक अर्जुनीला गेले. गुड्डूचं मोबाईलचं दुकान. तो मला अम्मा म्हणतो. त्याच्या दाढीत माझ्या डोक्याइतकेच पांढरे आहेत. त्यानं काडेपेटीएवढा एमपीथ्री प्लेअर दाखवला. कानात वायर घातली की फक्त आपल्याला ऐकू येतं, वायर काढली की तो मोठ्यानं बोलतो. त्यात त्यानं भजनं भरली, जुनी गाणी भरली, आणि शेतकरी आहात म्हणून कुण्या एका साहेबांचं धानावरच्या तुडतुड्या किडीचं भाषणही भरलं. ते मी मागितलं नव्हतं.

घरी येऊन सोबतचा कागद पूर्ण वाचला. मी चौथीपर्यंत शिकले, बाकीचं वाचून वाचून. छापलेलं काही वाचल्याशिवाय टाकत नाही, भज्याचा कागदसुद्धा. भिजल्यास काय करावं, ते कागदात नाही. पण मला माहीत आहे. तांदळात ठेवतात. कुठंतरी वाचलं आहे.

कानात वायर म्हणजे धुरपताबाईवर कायमचा उपाय. सुटले.

१८ जुलै, गुरुवार

आमच्या धानाच्या बांधीत रोवणी. प्लेअर कंबरेला खोचला, वायर पदराखालून कानात. शेतातली टेस्ट यापूर्वी कोणी केली नसेल.

रोवणीत सगळ्या बाया रांगेनं वाकतात आणि रोवत रोवत मागे सरकतात. ज्या बाईला सरका म्हटलेलं ऐकू येत नाही, तिचं काय होतं हे मला आज कळलं. तीन भजनं झाली. चौथं अर्ध्यावर आलं असता मान वर केली, तर डावीकडे रोवलेलं हिरवं, उजवीकडे रोवलेलं हिरवं, मधे माझी रिकामी पट्टी आणि तिच्यात मी उभी. बाकीच्या पार तिकडल्या टोकाच्या धुऱ्यावर पानाची चंची सोडून बसलेल्या. धुरपताबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "राहू द्या वो तिले तेथीच, पाखरं येणार नाहीत."

हसल्या. मी लक्ष दिलं नाही. भराभर मागे सरकू लागले आणि प्लेअर कंबरेतून चिखलात.

दोष खोचण्याचा आहे, प्लेअरचा नाही.

रात्रीसाठी घरात जेमतेम भांडंभर तांदूळ. मग विचार केला, धान म्हणजे तांदूळच, अंगावर सदरा तेवढा जास्त. साठवणीच्या उंच ढोलीत अर्ध्यापर्यंत धान आहे. वायर काढून प्लेअर पुसला आणि वरून अलगद ठेवला.

१९ जुलै, शुक्रवार

ढोलीतला प्लेअर दिसत नाही. भरडायला म्हणून खालच्या तोंडातून धान काढलं, तेव्हा वरचं खाली गेलं असावं. चिंता नाही. आत जास्तच वाळेल.

२० जुलै, शनिवार

सकाळी धुरपताबाई आली होती. मी टोपली घेऊन ढोलीपाशी. तेवढ्यात ढोलीच्या पोटातून एक पुरुष बोलू लागला. दबक्या, समजुतीच्या आवाजात. म्हणाला, पाणी जास्त साचू देऊ नका, बुंध्याशी बघत जा.

मी दचकले नाही. टोपली हातातून पडली ती जुनी होती म्हणून.

धुरपताबाईनं आधी पदर डोक्यावर घेतला, मग हात जोडले, आणि शांतपणे म्हणाली, "मेला तरी धानाचंच सांगून राहिला वो तुझा मनिराम."

मी तिला समजावून सांगितलं की हे गुड्डूचं भाषण आहे, धानाच्या वजनानं बटन दाबलं गेलं. ती म्हणाली, असंल. पण हात जोडलेलेच. मीही थोडा वेळ उभी राहिले. आवाजाची पातळी बघायची होती.

मग दोघींनी ढोली रिकामी केली. दुपार झाली. ती पूर्ण वेळ यांच्याविषयी बोलली. लग्नात यांना जोडा चावत होता आणि हे अनवाणीच बोहल्यावर चढले, ते मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर तर अंतरपाट होता. प्लेअर तळाशी सापडला. चालू आहे.

आज एकही टेस्ट झाली नाही. दिवस वाया.

२३ जुलै, मंगळवार

धुरपताबाईची मागची भिंत बसली, वर छप्पर गळतं. तिचा मुलगा टेकचंद तिला देवरीला घेऊन गेला. पावसाळाभर तिकडेच. जाताना ती बसच्या खिडकीतून बोलतच होती. बस निघाली म्हणून शेवटचं ऐकू आलं नाही.

आता शांतपणे तुलना करता येईल. उद्यापासून पूर्ण वेळापत्रक.

२४ जुलै, बुधवार

वातावरण उत्तम. कसलाही अडथळा नाही. प्लेअर छपरीत खाटेवर ठेवला. सांदवाडीपर्यंत आवाज स्पष्ट. भांडी घासली. थोडीच होती.

गाणं मध्येच बंद केलं. बॅटरी वाचवावी.

२६ जुलै, शुक्रवार

चहा सवयीनं जास्त झाला. दोन वेळा प्यायले. टेस्ट उद्या.

२९ जुलै, सोमवार

पाऊस. टेस्ट नाही. पावसाचा आवाज मध्ये येतो.

१ ऑगस्ट, गुरुवार

पाऊस उघडला. टेस्ट नाही. कारण आठवत नाही.

तरी निवड पक्की: एमपीथ्री प्लेअर. हर्षाला फोनवर कळवलं, योग्य डब्बा मिळाला, दिवसभर गाणी सुरू असतात, नागपूरचा प्रश्न मिटला.

३ ऑगस्ट, शनिवार

हर्षा आली. मी वरण-भात टाकला, वांग्याची भाजी केली, आणि जेवणानंतर प्लेअरचे सगळे गुण सांगितले. आवाज, वजन, चिखलात टिकणं, धानात टिकणं. ती म्हणाली, लाव ना. लावला. लागला नाही. चार्जिंग संपून किती दिवस झाले असतील, कोण जाणे. चार्जरवर धूळ होती, ती तिनं बोटानं पुसली. मी म्हटलं, रस्त्याची आहे.

तेव्हा तिनं विचारलं, "आई, यातलं एक तरी गाणं शेवटपर्यंत ऐकलं का तू?"

प्रश्न यंत्राविषयी नव्हता, म्हणून चार्जर उचलून ठेवला.

ती रागावली नाही. तेच वाईट. माझ्या साड्या काढून घड्या घालू लागली. म्हणाली, उद्या सकाळी निघू. मी हो म्हटलं. 

४ ऑगस्ट, रविवार

सकाळी घराला कुलूप लावून कोहमाऱ्याच्या फाट्यावर आलो. नागपूरची बस आधी आली. हर्षाला खिडकीची जागा धरून दिली, जेवणाचा डबा दिला, मी खाली उतरले आणि रस्ता ओलांडून देवरीची बस धरली. ती खिडकीतून हाका मारत होती. मी हात केला. टेकचंदकडे चहा घेतला आणि त्याला सांगितलं, माझं घर गळत नाही. संध्याकाळच्या बसनं धुरपताबाईला घेऊन आले.