एकतीस मार्चच्या आत लग्न

९ जानेवारी १९३९, सोमवार. नव्या फॅसिस्ट युगाचे वर्ष सतरावे.
रोममधून परिपत्रक आलं. अविवाहित नोकराला यापुढे प्रमोशन नाही. निर्णय उत्तम. राष्ट्राला मुलं हवीत. बारा वर्षं मी ब्रह्मचाऱ्यांवरचा कर निमूट भरतोय, त्याचा मात्र कुठेच उल्लेख नाही. असो.
आमचे नोंदणी कचेरीचे साहेब एकतीस मार्चला रिटायर होतात. जन्म, विवाह, मृत्यू या तिन्ही रजिस्टरांत माझ्याहून सीनियर कोणी नाही. खुर्ची माझीच. लग्न तेवढं करायचं राहिलंय. अकरा आठवडे हातात आहेत. पुष्कळ झाले.

१० जानेवारी.
वधू ठरवली. पोस्टाच्या काउंटरवरची नाझारेना. वय अडतीस, दात सगळे आहेत. शिवाय आणखी एक नवा नियम: दहा नोकरांत बाई एकच. पोस्टात नोकर अकरा, पैकी बायका तीन. म्हणजे तिची नोकरी जाणार. नोकरी गेली की बाईला नवरा लागतो. सरकार किती बाजूंनी माझा विचार करतं.
आर्जाताईला सांगितलं. मोठी बहीण, माझ्याकडेच राहते. म्हणाली, अरे एर्मेते, त्या बाईला विचारलंस का? प्रत्येकाला विचारत बसलो तर देश पुढे कसा जाणार.

१४ जानेवारी, शनिवार.
सक्तीची कवायत. काळ्या शर्टाची दोन बटणं तुटली. कापड हल्ली हलकंच येतं. माझ्या हाताखालचा स्पादोनी दांड्यावरून तीनदा उडी मारून गेला. त्याला सहा मुलं, सातवं वाटेवर, आणि ‘मृत्यू’ लिहायला सांगितलं तर आधी घाम फुटतो. मी गुडघ्यामुळे निरीक्षण केलं. निरीक्षणालाही माणूस लागतोच.
संकल्प: रोज सकाळी वीस बैठका.

१६ जानेवारी.
बैठका तीन. गुडघा.

२३ जानेवारी, सकाळी १०.
मागणी घातली. काउंटरवरच, वेळ वाया जाऊ नये म्हणून. फायदे मुद्देसूद सांगितले: पेन्शन, अक्रोडाचं कपाट, सातव्या मुलानंतर मिळणाऱ्या सवलती. ती म्हणाली, रांगेतून या. रांगेतून गेलो. मग म्हणाली, एवढं सगळं ऐकून मला वाटलं तुम्ही कपाट विकताय. मागचा म्हातारा खोकेपर्यंत हसला.
स्पष्ट नकार दिलेला नाही. शुभचिन्ह.

३० जानेवारी.
पोस्टात उबाल्दो न्हावी दिसला. विधुर, तीन पोरं. तिला भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी देत होता. काउंटरवर, ऑफिसच्या वेळात. वर म्हणतो, हल्लीची कॉफी काळी आहे, कडू आहे आणि कशाची केलीय ते विचारायचं नाही. अगदी पक्षासारखी. चारजण हसले. पाचवा मी, पण माझा तो ठसका होता. नाझारेना सगळ्यांत जास्त हसली. अज्ञान.

४ फेब्रुवारी, शनिवार.
कवायतीला दांडी. देशकार्य होतं. पोलीसप्रमुखांना निनावी पत्र लिहिलं. कॉफीचा विनोद शब्दशः दिला, ‘अशा विषारी जिभेच्या इसमाहाती गावाच्या माना रोज सोपवल्या जातात’ हे वाक्य घातलं. चार वेळा लिहून काढलं. वेडंवाकडं लिहिणार होतो, पण जमलं नाही. बावीस वर्षं गावातला प्रत्येक जन्मदाखला या हाताने लिहिलाय. राष्ट्राच्या कामात गलिच्छ अक्षर शोभतही नाही. सही केली नाही, एवढी काळजी पुरे.
पोस्टाच्या पेटीत टाकलं. उबाल्दोला दोनेक वर्षं एखाद्या बेटावर धाडतील. हवा चांगली असते तिकडे. ती एकटी पडेल. मग कपाटाची किंमत कळेल.

११ फेब्रुवारी, शनिवार.
उबाल्दो अजून गावातच. पोलीसखातं फार ढिलं. संशय नको म्हणून नेहमीप्रमाणे दाढीला गेलो.
त्याने फेस लावला, वस्तरा घासला, माझी हनुवटी वर केली. मग शांतपणे म्हणाला, साहेब, परवा एक झकास वाक्य वाचनात आलं. ‘अशा विषारी जिभेच्या इसमाहाती गावाच्या माना रोज सोपवल्या जातात.’ काय लेखणी आहे. आधी मला बरं वाटलं, हे लिहून ठेवतो. नंतर वस्तरा गळ्यावर थांबलेला कळला. तो म्हणाला, पत्रं निवडायला नाझारेना बसते, पेटीतलं पहिलं पाकीट बघूनच ती म्हणाली, हा माझ्या नोकरीसाठीचा जन्मदाखला लिहिणारा माणूस. हलू नका साहेब, कापेल.
बाकीच्या तीन खुर्च्यांवरचे लोक पेपर वाचत नव्हते.
दाढी मात्र सुरेख झाली. त्याने पैसेही घेतले नाहीत.

१३ फेब्रुवारी.
सरकारी टपाल अडवणं हा गुन्हा आहे. तक्रार करणार होतो. पण पत्र माझंच हे आधी सांगावं लागेल. शिवाय गावात आता कोणी माझ्यासमोर बोलतच नाही. मी गल्लीत शिरलो की बायका खिडक्या लावून घेतात. दरारा म्हणतात तो हाच असावा.
दाढी घरीच केली. तीन ठिकाणी कापलं.

१ मार्च, बुधवार.
नाझारेनाला नोकरीवरून कमी केलं. माझा अंदाज तंतोतंत. बदामाचा केक घेऊन सांत्वनाला गेलो. दार तिनेच उघडलं. आत उबाल्दोची तीन पोरं जेवत होती. म्हणाली, बरं झालं आलात, फॉर्म कुठला भरायचा ते सांगा, ईस्टर झाला की लग्न करतोय. मी म्हटलं, त्या इसमावर सरकारची नजर आहे. ती म्हणाली, सरकारला पत्र मिळालं तर असेल. ते माझ्याकडे आहे. तुमचं तोंड उघडलं की ते चर्चच्या दारावर लागेल, गावाला अक्षर ओळखायला चष्मा लागणार नाही.
केक पोरांनी ठेवून घेतला.

९ मार्च.
खचायचं नाही. रजिस्टर हे शस्त्र आहे. गावातल्या सर्व अविवाहित स्त्रियांची यादी काढली: एक्केचाळीस. अकराजणींना पत्रं धाडली, एकच मजकूर.

२२ मार्च.
उत्तरं: सहाजणींनी पत्र न फोडता परत केलं. दोघी मठात नन आहेत. एकीच्या भावाने समक्ष भेटायची इच्छा कळवली, वेळ रात्रीची सुचवली. एक गेल्या वर्षी वारली, नोंद मीच केली होती. अकरावी तयार आहे. वय एकाहत्तर.
आर्जाताई म्हणाली, सातव्या मुलाच्या सवलती विसर. मी विचार चालू ठेवलाय. परिपत्रकात वधूच्या वयाबद्दल काही नाही.

२९ मार्च.
अकरावीने नकार कळवला. अधिक चौकशी केली म्हणे.

१ एप्रिल, शनिवार.
सरकारने नेमलेले नगराध्यक्ष ऑफिसात आले. हात वर करून सलाम. स्पादोनी साहेब झाला. सातवं मूल आठवड्यापूर्वीच झालं, त्याचा जन्मदाखला मी लिहिला होता. स्पादोनीने पहिल्याच ऑर्डरवर चुकीच्या जागी सही केली. दाखवून दिलं नाही. मला म्हणाला, तुम्ही आता मृत्यूच्या खिडकीत बसा, विवाहाच्या खिडकीत लोक तुम्हाला बघून दबकतात.
मृत्यूची खिडकी म्हणजे उलट बढतीच. शांतता असते. आणि गावात कोण विधवा झाली हे सगळ्यांत आधी मलाच कळणार. हे कोणाच्याच लक्षात आलेलं नाही.

१७ एप्रिल, सोमवार.
नवा शर्ट घातला. साडेनऊला पहिली बाई आली. कातडी कमावणाऱ्या रुजेरीची विधवा, चाळिशीची, घर स्वतःचं. उभा राहिलो, शोक व्यक्त केला, गावात एकट्या बाईचे किती हाल होतात ते सांगितलं, माझी बावीस वर्षांची सेवा सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, तुमचे साहेब कुठे बसतात?
आतली खोली दाखवली.